वाचक विचारतात : साबणाचे डोके आणि शेपूट

वनस्पतींच्या तेलांतून मिळणाऱ्या मेदाम्लांपासून, म्हणजे ज्यांना व्यवहारात सगळे फॅटी ॲसिड म्हणतात त्यांच्यापासून, साबण आणि साबणाहून सरस सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी जुळवून मळ काढणारी द्रव्ये, करण्याविषयी बरीच पत्रे साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत. वाचण्याआधी एवढेच ध्यानात घ्या : या रेणूला तेलात रमणारी लांब शेपूट असते आणि पाण्यात रमणारे डोके असते. शेपूट झाडाकडून येते, डोके आपण बसवतो. साबणाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ डोक्यात असते आणि लोक मात्र तेल बदलत बसतात.

प्रश्न : नारळतेलाच्या मेदाम्लांचा साबण एका ठिकाणी भरपूर फेस देतो. तोच साबण विहिरीच्या पाण्यात फेसाळत नाही आणि बादलीला पांढरट चिकट थर धरतो. साबणात काही कमी पडते आहे का?

साबण ठीक आहे, पाणी जड आहे. साबणाचे डोके कार्बोक्सिलेटचे, म्हणजे मेदाम्लाच्या आम्ल-टोकातला हायड्रोजन गेल्यावर उरणाऱ्या गटाचे. त्याला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटले की दोन साबणरेणू मिळून एका कॅल्शियमला धरतात आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीवरचा थर तो हाच.

हिशेब करून पाहा. पाण्याचा जडपणा (कॅल्शियम कार्बोनेट धरून) लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर त्यात ३ मिलिमोल कॅल्शियम आहे आणि ते ६ मिलिमोल साबण गिळते. सोडियम ओलिएटच्या भाषेत हे १.८ ग्रॅम झाले. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत पहिला १८ ग्रॅम साबण नुसता चोथा होण्यात जातो, फेस त्यानंतर.

यावर बरेच जण वडीत २ टक्के सोडियम सायट्रेट घालतात. ते अगदीच निरुपयोगी नाही, पण त्याची ताकद ओळखून घाला. हातावर १ ग्रॅम साबण उतरला तर त्यासोबत २० मिलिग्रॅम सायट्रेट येते. तेवढे सायट्रेट या पाण्याच्या जेमतेम २३ मिलिलिटरमधले कॅल्शियम धरू शकते, आणि तेही घट्ट धरत नाही. हात धुताना तळव्यावर असते तेवढ्या पाण्यात फरक जाणवतो, बादलीत जाणवत नाही. वडीत सायट्रेट हवेच असेल तर सायट्रिक आम्ल कॉस्टिकच्या, म्हणजे साबण करण्याच्या तीव्र अल्कलीच्या, पाण्यात घालून जागेवरच तयार करता येते. त्यासाठी निर्जल सायट्रिक आम्लाच्या दर १० ग्रॅममागे ६.२५ ग्रॅम कॉस्टिक सोडा जास्तीचा धरा. हे विसरले की सायट्रिक आम्ल तुमच्या साबणाच्या वाट्याचे कॉस्टिक खाते आणि वडी तेलकट, मऊ राहते.

खरा इलाज म्हणजे कॅल्शियमला न घाबरणारे डोके. त्याविषयी पुढे येईलच.

प्रश्न : तेलाऐवजी थेट मेदाम्ले वापरून वडीचा साबण करतो. कधी क्षणात गुठळ्या होतात, कधी सगळा घाणा रबरासारखा होऊन ढवळणी अडकते. कॉस्टिकचे प्रमाण चुकते का? पाणी वाढवले तरी सुटत नाही.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकेक करून घेऊ.

आधी प्रमाण. तेलासाठी सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, म्हणजे एका ग्रॅमचा पुरा साबण व्हायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते तो आकडा, बघतात; मेदाम्लासाठी तसाच आकडा म्हणजे ॲसिड व्हॅल्यू बघायची. नारळतेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू २५५ च्या आसपास असते, तर त्याच तेलातून काढलेल्या मेदाम्लांची ॲसिड व्हॅल्यू २६८ च्या आसपास. ग्लिसरीनचा भाग निघून गेल्यामुळे दर किलोत आम्ल जास्त असते. तेलाचा आकडा धरून चाललात तर कॉस्टिक ५ टक्के कमी पडते. मालाच्या प्रत्येक खेपेसोबत विश्लेषणाचा कागद मागून घ्या आणि त्यावरचाच आकडा वापरा. सूत्र सोपे आहे : ॲसिड व्हॅल्यूचा जो आकडा, तितके ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश दर किलोला. कॉस्टिक सोडा हवा असेल तर त्या आकड्याला ०.७१३ ने गुणा. मग शुद्धतेने भागा. सोड्याच्या पापड्या बहुधा ९८ टक्के शुद्ध असतात. पोटॅशच्या पापड्या ८५ ते ९० टक्केच, कारण त्यात पाणी असते.

एक घाणा मांडू. पामिटिक-स्टिअरिक मिश्रण ४०० ग्रॅम, ॲसिड व्हॅल्यू २०८. ओलेइक आम्ल ३०० ग्रॅम, १९९. नारळाची मेदाम्ले ३०० ग्रॅम, २६८. सरासरी ॲसिड व्हॅल्यू २२३.३. शुद्ध कॉस्टिक सोडा १५९.२ ग्रॅम. त्वचेला सौम्य राहावा म्हणून ३ टक्के आम्ल मोकळे ठेवायचे, म्हणून १५४.४ ग्रॅम. पापड्या ९८ टक्क्यांच्या, म्हणून तोलायचे १५७.६ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

आता पाणी, कारण तुमची ढवळणी अडकते ती याच्यामुळे. गरम साबण आणि पाणी यांचे मिश्रण कोणत्याही प्रमाणात सारखे वाहत नाही. साबण ७० टक्के आणि पाणी ३० टक्के असताना ८५ ते ९० अंश सेल्सिअसला तो पातळ खिरीसारखा ओघळतो. पाणी वाढवत अर्ध्यावर आणले की रेणू लांब नळ्यांच्या आकारात एकमेकांशेजारी दाटतात आणि सगळे मिश्रण रबर होते. म्हणून तुम्ही पाणी ओतता तसतसे ते आणखी आवळते. साबण करणाऱ्याला हे उलटे वाटते, पण गुण साबणाचाच आहे. आपल्या घाण्यात आम्ल आणि कॉस्टिकच्या संयोगातून आपोआप सुमारे ७० ग्रॅम पाणी तयार होते, तेव्हा वरून घालायचे फक्त ३९५ ग्रॅम. एकूण माल सुमारे १५५० ग्रॅम भरेल. कॉस्टिकच्या पाण्यात ८ ग्रॅम साधे मीठ विरघळवा, त्याने ती रबरी अवस्था दूर राहते. घाणा अडकलाच तर पाणी घालू नका. आच ९० अंशांपर्यंत न्या, १०-१५ ग्रॅम मीठ अगदी थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून घाला आणि वाट बघा.

तिसरी गोष्ट गुठळ्यांची. त्या ओतण्याच्या क्रमामुळे होतात. वितळलेल्या आम्लात कॉस्टिक ओतले की पहिला तयार झालेला साबण उरलेल्या आम्लाशी जोडी करून मेणचट आम्ल-साबण बनवतो. गुठळीची साल साबणाची आणि पोटात आम्ल तसेच. तिथे न पोचलेले कॉस्टिक बाहेर राहते आणि महिन्याभराने वडीवर थेंबाथेंबाने दिसते. म्हणून क्रम उलटा ठेवा. पाण्यात कॉस्टिक घाला, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. हे द्रावण ८० अंशांवर ठेवा आणि ७५-८० अंशांवर वितळवलेली आम्ले १५ ते २० मिनिटांत बारीक धारेने त्यात सोडा. शेवटपर्यंत अल्कली जास्त आणि आम्ल कमी राहिले पाहिजे. सुरुवातीला दही फुटल्यासारखे दाणे दिसतील, घाबरू नका. कडक कॉस्टिकमध्ये साबण असाच फुटतो. आम्ल संपत आले की दाणे मिटतात, कडेने तुकतुकीतपणा येतो आणि ढवळणीवरून सलग पडदा उतरतो. मग झाकण ठेवून अर्धा तास ८५-९० अंशांवर मुरू द्या.

भांडे स्टीलचे, मालाच्या किमान तिप्पट आकाराचे. ॲल्युमिनियम अजिबात नको, कॉस्टिक ते खाते आणि हायड्रोजन सुटतो. ही क्रिया तेलाच्या साबणासारखी तासन् तास चालत नाही. ती लगेच होते आणि सगळी उष्णता लगेच बाहेर टाकते. चष्मा आणि लांब हातमोजे घातल्याशिवाय धार सोडू नका.

काही वाचक कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडा वापरतात. मेदाम्लांवर तो चालतो, तेलावर चालत नाही. प्रमाण ॲसिड व्हॅल्यू गुणिले ०.९४५ ग्रॅम दर किलोला, निर्जल सोडा धरून. पण वरच्या एका किलोच्या घाण्यातून सुमारे ४८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि साबणाचा फेस घेऊनच वर येतो. तेव्हा भांडे दहापट मोठे घ्या, सोडा चमच्याचमच्याने घाला आणि शेवटची १० टक्के मजल कॉस्टिकने पुरी करा.

प्रश्न : फिनॉल्फ्थॅलीन टाकले की साबण नेहमी गुलाबी होतो. मग मोकळे कॉस्टिक राहिले आहे हे ओळखायचे कसे?

पाण्यात नव्हे, अल्कोहोलमध्ये तपासून. पाण्यात साबण थोडा फुटतो आणि पीएच ९ ते १०.५ दाखवतोच, तो कितीही नीट केलेला असो. १० ग्रॅम साबण किसून १०० मिलिलिटर गरम इथेनॉलमध्ये विरघळवा. इथेनॉल आधी फिनॉल्फ्थॅलीन घालून अगदी फिकट गुलाबी झलक येईपर्यंत कॉस्टिकने सारखे, म्हणजे उदासीन, करून घेतलेले हवे. गरम करणे पाण्याच्या वाफेवर, उघड्या ज्योतीवर मुळीच नाही. द्रावण लालगुलाबी झाले तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने रंग घालवा. दर मिलिलिटरला ०.०४ टक्के मोकळे कॉस्टिक. वरच्या घाण्यात ३ टक्के आम्ल मोकळे ठेवले आहे, म्हणून रंग यायलाच नको. आला, तर कुठेतरी गुठळी राहिली आहे. घाणा परत वितळवा.

प्रश्न : पोटॅशचा द्रव साबण केला, पीएच १० आला. त्वचेसाठी ५.५ करावा म्हणून सायट्रिक आम्ल घातले तर दुधासारखा झाला आणि वर तेल तरंगले.

तुम्ही साबण मोडून पुन्हा मेदाम्ल केलेत. कार्बोक्सिलेट हे दुबळ्या आम्लाचे मीठ आहे. लांब शेपटीचा साबण पीएच ९ च्या खाली येऊ लागला की गढूळ होतो, आणखी खाली नेला की फुटतो. साबणाला ५.५ पीएच मिळणे शक्य नाही, तसा दावा कुणी केला तर तो साबण नाही किंवा दावा खरा नाही. गढूळ झालेला माल वाचवता येतो : ६०-७० अंशांवर गरम करून थोडे थोडे कॉस्टिक पोटॅशचे द्रावण घाला आणि निवळ झाला की थांबा. त्यात पोटॅशियम सायट्रेट उरेल, ते बाधत नाही. ५.५ ते ६.५ हवेच असेल तर डोके बदला. आयसेथिओनेट (पीएच ६ च्या खाली नको) किंवा ग्लुटामेट घ्या, ही डोकी पुढे येतात.

प्रश्न : शेपूट कोणती निवडावी? लॉरिक, पामिटिक, ओलेइक यांत नेमका फरक काय?

लॉरिक १२ कार्बनचे. चटकन विरघळते, मोठ्या बुडबुड्यांचा फेस देते, आणि जास्त झाले तर त्वचा कोरडी करते. पामिटिक १६ आणि स्टिअरिक १८ कार्बनचे. ते वडीला कडकपणा आणि बारीक, टिकाऊ फेस देतात, पण थंड पाण्यात जवळजवळ झोपलेले असतात. सोडियम लॉरेट सुमारे २५ अंशांच्या आत विरघळू लागते, पामिटेटला साधारण ६० अंश लागतात, स्टिअरेटला ७०. या तापमानाखाली रेणू स्फटिकात अडकून राहतात, काम करत नाहीत. ओलेइकलाही १८ कार्बन आहेत, पण मधल्या दुहेरी बंधामुळे शेपूट वाकडी असते, स्फटिकात नीट बसत नाही, म्हणून त्याचा साबण खोलीच्या तापमानाला विरघळतो. सौम्य आहे, पण बुळबुळीत आणि खवट होण्यास सोपा. ८ आणि १० कार्बनची आम्ले नारळाच्या मेदाम्लांतून ऊर्ध्वपातनाने काढून टाकलेली असतील तर उत्तम. त्वचेला चुरचुर बहुधा त्यांचीच असते.

प्रश्न : मिथाइल एस्टर सल्फोनेट, म्हणजे एमईएस, साबणात मिसळला तर जड पाण्यात चालतो असे ऐकले. हे स्वतः करता येईल का, आणि किती मिसळावे?

करणे घरचे किंवा छोट्या कारखान्याचे काम नाही. पाम तेलाच्या १६ ते १८ कार्बनच्या मिथाइल एस्टरवर कोरड्या हवेत पातळ केलेला सल्फर ट्रायऑक्साइड सोडतात. तो कार्बोक्सिल गटाशेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. मग ८०-९० अंशांवर मुरवतात, माल काळा पडतो, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतात, शेवटी कॉस्टिकने सारखा करतात. एस्टर आधी हायड्रोजन देऊन जवळजवळ पूर्ण संपृक्त केलेले नसेल, म्हणजे आयोडीन व्हॅल्यू (दुहेरी बंध किती उरले त्याचे माप) १ च्या खाली नसेल, तर काळेपणा जातच नाही. सल्फर ट्रायऑक्साइड हवेतल्या ओलाव्याशी सल्फ्युरिक आम्लाचे धुके करतो. तयार भुकटी किंवा चुरा विकत घ्या.

सल्फोनेटचे डोके हे तीव्र आम्लाचे मीठ आहे. कॅल्शियमशी जोडी झाली तरी ती बऱ्यापैकी विरघळते. त्याहून मोठा फायदा असा की ते साबणाच्या कॅल्शियम चोथ्याला बारीक कणांत विखरून धरते, थर बसू देत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात चरबीच्या अशाच सल्फोएस्टरवर आणि साबणावर पुष्कळ काम झाले. फॉस्फेटशिवाय साबणानेच कपडे धुता यावेत हा हेतू होता. वनस्पतीच्या शेपटीला तेच तत्त्व लागू पडते.

किती मिसळायचे हे अंदाजाने ठरवू नका. याची एक साधी आणि फार सुंदर चाचणी आहे. १ लिटर शुद्ध पाण्यात ०.८८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि ०.८१ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट विरघळवा. हे लिटरला १००० मिलिग्रॅम जडपणाचे पाणी झाले. सोडियम ओलिएटचे ०.५ टक्के आणि सर्फॅक्टंटचे ०.२५ टक्के द्रावण करा. बूच असलेल्या परीक्षानळीत ओलिएट ५ मिलिलिटर, सर्फॅक्टंट १ मिलिलिटर, जड पाणी १० मिलिलिटर आणि बाकी शुद्ध पाणी घालून ३० मिलिलिटर करा. नळी २० वेळा उलटीपालटी करा आणि ३० सेकंद ठेवा. चोथ्याचे तुकडे वर तरंगले तर नव्या नळीत सर्फॅक्टंट २ मिलिलिटर, मग ३. सर्फॅक्टंटचा दर मिलिलिटर म्हणजे साबणाच्या वजनाच्या १० टक्के. ज्या नळीत सगळे एकसारखे धुरकट राहते, एकही तुकडा दिसत नाही, तो तुमचा आकडा. धुरकट आणि चोथा यांतला फरक पहिल्यांदाच डोळ्याला कळतो : धुरकट नळी उजेडासमोर निळसर दिसते, चोथा झालेल्या नळीत खालचे पाणी स्वच्छ होते आणि वर दह्याची साय जमते. साबणाच्या प्रत्येक मिश्रणासाठी हा आकडा वेगळा निघतो, म्हणून ही चाचणी आपल्याच साबणावरही करून पाहा.

एमईएस मिसळताना एक चूक सर्रास होते. तो कडक कॉस्टिकच्या गरम घाण्यात टाकतात. त्यात मिथाइल एस्टर तुटतो आणि रेणूला दोन डोकी होतात. हे द्विलवण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, धुण्याची ताकदही कमी. आधी साबण पूर्ण करा, अल्कोहोलमधली चाचणी बिनरंगी येऊ द्या, ७० अंशांच्या खाली आणा, मग एमईएस मिसळा. तयार वड्यांच्या चुऱ्यात कोरडा मिसळून यंत्रातून दाबणे याहून चांगले.

प्रश्न : सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटची वडी करतो. वापरताना वाळूसारखी खरखर लागते आणि काही आठवड्यांनी मऊ पडते.

हा सर्फॅक्टंट नारळाच्या मेदाम्लांवर आयसेथिओनिक आम्लाच्या मिठाचे डोके बसवून करतात. २०० अंशांच्या वर, झिंक ऑक्साइडसारखा उत्प्रेरक घालून, नायट्रोजनखाली, निघणारे पाणी सतत काढत. १९३० च्या दशकात जर्मनीत आयजी फार्बेन या रसायन कंपनीने तो आणला, १९५० च्या दशकात त्याच्याच आधारावर साबण नसलेल्या सौम्य वड्या निघाल्या. जड पाण्याची त्याला पर्वा नाही.

खरखर म्हणजे न विरघळलेले स्फटिक. हा पदार्थ मेणासारखा वितळत नाही, तो गरम मेदाम्लात आणि थोड्या पाण्यात हळूहळू मुरतो. ५०० ग्रॅमच्या वडीसाठी एक चालणारे प्रमाण : आयसेथिओनेटची बारीक भुकटी २५०, स्टिअरिक आम्ल ११०, सेटोस्टिअरिल अल्कोहोल २५, साध्या साबणाचा कीस ३५, पाणी ४०, मक्याचा स्टार्च ४०. स्टिअरिक आणि सेटोस्टिअरिल दुहेरी भांड्यात ८० अंशांवर वितळवा, साबणाचा कीस आणि पाणी घालून एकजीव करा, मग भुकटी मूठमूठ. तापमान ८५ वर आणि वेळ किमान ३० ते ४० मिनिटे. इथेच घाई होते. थोडे मिश्रण चिमटीत घेऊन बोटांनी चोळा, लोण्यासारखे घसरले पाहिजे. कण लागला तर झाकून आणखी दहा मिनिटे. ६० अंशांवर आल्यावर स्टार्च आणि सुगंध, मग साच्यात दाबून भरा. ओतून भरली तर पोकळ्या राहतात. भुकटी उधळताना तोंडावर मास्क हवाच, तिची धूळ घशाला झोंबते.

मऊ पडण्याचे कारण पीएच. या रेणूतले डोके एस्टरने जोडलेले आहे. पीएच ६ ते ८ मध्ये ते टिकते, वर गेले की सुटते आणि मागे मेदाम्ल उरते. वडीचे १ भाग आणि पाणी ९ भाग असे द्रावण करून मोजा. ८ च्या वर असेल तर साबणाचा कीस जास्त झाला आहे किंवा त्यात मोकळे कॉस्टिक होते.

प्रश्न : मेदाम्ल, ग्लायसिन आणि कॉस्टिक एकत्र गरम करून अमिनो आम्लाचा सर्फॅक्टंट घरी होतो, अशी कृती वाचली. खरी आहे का?

नाही. त्यातून साबण आणि ग्लायसिनचे मीठ यांचे मिश्रण मिळते, दोघांत बंध तयार होत नाही. कॉस्टिकच्या पाण्यात मेदाम्ल लगेच साबण होते आणि साबणाचे टोक अमिनो गटाशी जुळण्याइतके सक्रिय नसते. पडताळा सोपा आहे : द्रावणाचा पीएच सायट्रिक आम्लाने ६ वर आणा. दुधी झाले, वर तेल आले, तर साबण होता. खरे लॉरॉइल ग्लुटामेट त्या पीएचला निवळ राहते.

कारखान्यात मेदाम्लाचे आधी ॲसिड क्लोराइड करतात. ते अमिनो आम्लाच्या पाण्यातल्या द्रावणात, ३० अंशांच्या आत, कॉस्टिकची धार लावून पीएच १० ते १२ च्या पट्ट्यात ठेवून सोडतात. पीएच घसरला तर अमिनो गट हायड्रोजन धरून बसतो आणि क्रिया थांबते. तापमान चढले तर क्लोराइड पाण्याशीच भिडून साबण होते. दर १०० ग्रॅम लॉरॉइल क्लोराइडमागे २७ ग्रॅम मीठ तयार होते. ते काढायचे तर सगळे आम्लात नेऊन थर वेगळा करावा लागतो, धुवावा लागतो, पुन्हा सारखा करावा लागतो. विकतच्या मालात मीठ किती हे विचारून घ्या. दोन पुरवठादारांचा ‘तोच’ पदार्थ शांपूत वेगवेगळा दाटपणा देतो तो बहुधा या मिठामुळे. ॲसिड क्लोराइड मात्र घरी करण्याचा विचारही करू नका. ते करण्याची रसायने आणि सुटणारे वायू फुप्फुसे जाळतात.

प्रश्न : फ्युरानचे वलय बसवलेल्या नव्या सर्फॅक्टंटविषयी सांगा.

२०१६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने हे काम प्रसिद्ध केले. वनस्पतींच्या शर्करांपासून मिळणारे फ्युरान आणि तेलापासून मिळणारे मेदाम्ल एकत्र जोडायचे, मग फ्युरानच्या दुसऱ्या बाजूला सल्फोनेट बसवायचे. शेपूट आणि डोके यांच्यामध्ये पाच बाजूंचे वलय येते. आम्हाला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की शेपटीची लांबी आणि वलयाशी जुळणारा सांधा दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात, त्यामुळे थंड पाण्यातली विद्राव्यता आणि फेस हवा तसा जुळवता येतो. चांगल्या रचना अतिशय जड पाण्यातही कॅल्शियम धरणारी वेगळी द्रव्ये न घालता काम करतात. शेपूट आणि वलय दोन्ही झाडाकडून, ही खरी पुढची पायरी.

प्रश्न : वनस्पतीपासून केले म्हणजे पाण्यात आपोआप कुजणारच ना?

मूळ काय यावरून ते ठरत नाही, रेणूची रचना ठरवते. सरळ शेपूट जिवाणू सहज खातात, फांद्यांची शेपूट नाही. ‘सहज विघटनशील’ म्हणण्यासाठी ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या ३०१ क्रमांकाच्या चाचण्या असतात. २८ दिवसांत, ऑक्सिजनच्या खपावरून मोजल्यास किमान ६० टक्के, विरघळलेल्या कार्बनवरून मोजल्यास किमान ७० टक्के विघटन हवे. साध्या सरळ मेदाम्लांचे साबण त्यात बसतात. ईडीटीए हे धातू धरणारे द्रव्य मात्र बसत नाही, म्हणून त्याऐवजी ग्लुटामिक आम्लापासून केलेले जीएलडीए निवडा.

प्रश्न : वड्यांवर दोन महिन्यांत नारिंगी ठिपके आणि खवट वास येतो.

दुहेरी बंध आणि धातू यांची ही जोडी आहे. ओलेइकची आयोडीन व्हॅल्यू ९० च्या आसपास, लिनोलेइकची १८१. दुसरे पहिल्याहून कितीतरी पट वेगाने हवेतला ऑक्सिजन घेते. ओलेइक आम्ल विकत घेताना लिनोलेइकचे प्रमाण विचारा. स्वस्त मालात ते पुष्कळ असते. दुसरीकडे पाण्यातले किंवा भांड्यातले लोह आणि तांबे अगदी अल्प असले तरी ही क्रिया भडकावतात. ठिपका जिथे उठतो तिथे बहुधा धातूचा कण, बोटाचा ठसा किंवा लोखंडी जाळीचा स्पर्श असतो. वड्या उलटून पाहा, वाळवण्याच्या जाळीच्या रेघा ठिपक्यांत उमटलेल्या दिसतील.

कॉस्टिक शुद्ध पाण्यात करा. धातू धरणारे द्रव्य ०.१ ते ०.२ टक्के कॉस्टिकच्या पाण्यात घाला, खवटपणा रोखणारे बीएचटी किंवा रोजमेरीचा अर्क ०.०५ टक्क्यांच्या आसपास वितळलेल्या आम्लांत घाला, साबण तयार झाल्यावर नव्हे. वड्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, उन्हाबाहेर वाळवा.